चिमटीचे मत

"बूट घालून कोण बसतं गं चादरीवर?"

ताईने चादर पाण्यातून वर ओढली आणि उजेडाला धरली. निळ्या चादरीच्या कडेजवळ दोन मातकट ठसे होते. लहान बुटांचे, शेजारी शेजारी, टाचा जुळलेल्या. साबण लावून झाला, ब्रश मारून झाला, तरी ठसे आपले जागच्या जागी. हट्टी पोरासारखे.

"लाडावून ठेवलंय वॉर्डातल्या पोरांना," ती म्हणाली.

ऐकायला कुणी नव्हते. सुट्टीचा दिवस. लॉन्ड्रीचे शटर खाली, मोठी मशिने गप्प. पण ताईला कपड्यांशी बोलायची सवय होती. कॉलरींना ती दटावायची, उशांच्या अभ्र्यांची विचारपूस करायची, आणि बटण तुटलेला शर्ट आला की त्याच्या मालकाच्या बायकोला दोन शब्द सुनवायची, तेही शर्टालाच.

आतून दादाची हाक आली. "ताई! ये लवकर, तुझ्यावाचून सभा अडलीय. दोन माणसं कमी पडतायत."

दोन माणसे म्हणजे ताई आणि चिमटी. हा दादाचा नेहमीचा विनोद होता. आज मात्र त्यावर कुणी हसल्याचे ऐकू आले नाही. ताईने चादर पुन्हा बादलीत बुडवली आणि हात पुसत आत गेली.

आधी थोडे मागचे

सभा इस्त्रीच्या टेबलावर भरत असे. लांबलचक टेबल, त्यावर जुन्या ब्लँकेटांचे थर आणि वर ताणून बसवलेले जाड कापड. ताईच्या जागेपुढे इस्त्रीच्या आकाराचा एक करपलेला डाग होता. दादाची जागा दाराकडे, कारण तो गाडीवर. कपडे आणायचे, पोचवायचे काम त्याचे, आणि त्याचा एक पाय कायम बाहेर. आई टोकाला बसे, मांडीवर शिवणाचा डबा घेऊन. वहिनी मुलांच्या वॉर्डात नर्स. ड्यूटी संपवून आली की ती पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवूनच सभेत बसायची, आणि याला आईचीच परवानगी होती.

ही संस्था म्हणावी तर संस्था, नाही तर घरचा पसारा. सुरुवात झाली ती चिमटीपासून. ती सगळ्यात धाकटी. दोरीवरचे लाकडी चिमटे काढून स्वतःच्या फ्रॉकला लावत फिरायची, म्हणून चिमटी. चादरींच्या घड्या घालायला दोघे लागतात. ताई एका बाजूला आणि चिमटी दुसऱ्या बाजूला, पालथ्या बादलीवर उभी. तरीही चादर जमिनीला टेकायचीच. मग बाबा ओरडायचे, आणि चिमटी म्हणायची, "बाबा, चादर लांब आहे, त्यात माझी काय चूक?"

शाळेत जायला लागली आणि आजारी पडली. साधे दुखणे नव्हते. हॉस्पिटलात ती बाबांना म्हणाली, "इथे सगळं पांढरं आहे. झोपलं की मी हरवते." ज्या माणसाने सारा जन्म पांढरे अधिक पांढरे करण्यात घालवला, त्याने दुसऱ्या दिवशी एक चादर पिवळ्या रंगात बुडवली. शेवटी तिला घरी आणले तेही त्याच चादरीत गुंडाळून. मागच्या खिडकीजवळ तिची खाट टाकली, वाळत घातलेले कपडे दिसतील अशी. घरच्या दोऱ्या बघत बघत गेली बिचारी.

शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या आईने नंतर निरोप पाठवला, तशी चादर आमच्या बाळालाही मिळेल का. मिळाली. मग दुसऱ्याने मागितली. तेव्हापासून वॉर्डातल्या प्रत्येक मोठ्या आजाराच्या मुलाला त्याच्या आवडीच्या रंगाची चादर या घरातून जाते, कोपऱ्याला एक लाकडी चिमटा लावून. पुढे चादरीपाठोपाठ, डोके वर करता येणारी खाट गेली, कफ ओढून काढायचे मशीन गेले, लांबून आलेल्या आईबापांसाठी भाड्याची खोली झाली. आणि याशिवाय किरकोळ. हा बाबांचा लॉन्ड्रीतला शब्द. हॉटेलांचे आणि हॉस्पिटलांचे कपडे तेवढे मोठे काम, बाकी सगळे किरकोळ. वाचनालयाची गळकी खिडकी, लंगड्या कुत्र्याचे प्लास्टर, शाळेच्या गोलपोस्टाची जाळी, हे सगळे किरकोळात. "किरकोळावर दुकान चालतं," असे ते म्हणायचे, आणि हिशेबाने ते मुळीच खरे नव्हते.

मत द्यायची पद्धतही त्यांचीच. हात वर, तोंड बंद. चिमटी गेल्यानंतरच्या पहिल्या सभेत त्यांनी हात मागितले तेव्हा ताईने दोन्ही हात वर केले. पोरसवदा होती ती. बाबांनी दोन्ही मोजले. "एक तुझा," ते म्हणाले, "आणि एक चिमटीचा." उजवा तिचा, डावा चिमटीचा. तो रिवाज पडला तो पडलाच.

तिला ताई म्हणणारी जगात एकच होती. ती गेल्यावर घरातल्या सगळ्यांनी ते काम वाटून घेतले. आईसुद्धा ताई म्हणते, आणि मोठा असून दादाही.

विषय पहिला: बाक

"हॉस्पिटलच्या फाटकातला बाक," दादा म्हणाला. "फळी मोडलीय. रिटायर्ड पोस्टमन सांगून गेलेत, दुरुस्त करा आणि लाल रंग द्या."

"लाल कशाला?" आई म्हणाली.

"त्यांना लालच दिसतं सगळं, जन्मभर पत्रपेटी बघितलीय."

"बसल्यावर रंग लागेल कपड्यांना."

"मग आपल्याकडेच येतील की धुवायला. धंदा आहे, आई!"

"हात वर, तोंड बंद," ताई म्हणाली, आणि तिचे दोन्ही हात वर गेले. दादाचा गेला. आईने सुई हातात असल्यामुळे सुईच वर केली. वहिनीचा हात टेबलावरच राहिला. ती दोन्ही तळव्यांमध्ये चहाचा कप धरून बसली होती आणि चहा केव्हाच निवला होता.

बाक मंजूर.

विषय दुसरा, जो दादाने वाचलाच नाही

दादा नुसताच खाकरला. पायाने दार उघडले, बंद केले.

"तू सांगतोस की मी सांगू?" वहिनी म्हणाली.

"तूच सांग. मला आईचं तोंड बघवत नाही."

"माझ्या तोंडाला काय झालं?" आई म्हणाली. तिला ऐकू कमी येत असे. पण स्वतःबद्दल बोललेले नेमके ऐकू येई.

वहिनीने पाय खाली घेतले. ताईकडे बघून म्हणाली, "ताई, रागावू नका. चिमटीचं मत आता बंद करावं असं माझं म्हणणं आहे."

मागच्या नळातून बादलीत थेंब पडत होते, ते ऐकू यायला लागले.

"बंद म्हणजे?" ताई म्हणाली.

"म्हणजे एका माणसाचा एक हात."

"ते मत माझं नाहीच, वहिनी. तिचं आहे."

"बाबांचं मत कुठे आहे? बाबा गेले, त्यांचं मत गेलं. कुणी त्यांचा हात वर केला नाही."

"बाबांचं सगळं सांगून झालं होतं," ताई म्हणाली. "तिचं राहिलं होतं."

वहिनी भांडखोर बाई नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा या दोन हातांचे तिला कौतुकच वाटले होते. वॉर्डातल्या मैत्रिणींना तिने ते सांगितलेही होते. चिमटीच्याच वयाची होती ती, चिमटी असती तर. एकदा तर ताईच्या उजव्या हाताने विरोध केला आणि डाव्याने पाठिंबा दिला, तेव्हा दादा म्हणाला होता, "बघा, ही स्वतःशीच हरली!" आणि सर्वांत जास्त वहिनीच हसली होती.

"पण असं एकाएकी काय झालं?" आईने विचारले.

"मागच्या वेळचे मासे," वहिनी म्हणाली.

मागच्या सभेत दोन विषय होते आणि एका वेळी दोन्ही होण्यासारखे नव्हते. एक, कफ ओढून काढायचे दुसरे मशीन. दुसरा, तपासणीच्या खोलीबाहेर माशांची काचपेटी, म्हणजे स्ट्रेचरवर आडव्या पडलेल्या पोरांना वाट बघताना काही बघायला मिळेल. मशीन घरात एक होतेच, दुसरे पुढेमागे घेऊ, असे आई म्हणाली होती. दादा-वहिनी मशीनच्या बाजूने. आई, ताई आणि चिमटी माशांच्या बाजूने. मासे आले. छान दिसत होते, नारिंगी, आणि पोरे खरोखरच त्यांच्याकडे बघत राहायची. हे वहिनीनेच येऊन सांगितले होते.

"कॅप्टनला ओळखता ना?" वहिनीने आता विचारले. "निळी चादर. खिडकीजवळची खाट."

वॉर्डाने ठेवलेले नाव होते ते. इंजेक्शनच्या आधी तो नर्सला हुकूम सोडायचा: एक, दोन, टोचा.

"डॉक्टर म्हणाले होते, आता इथे करण्यासारखं काही नाही, घरी घेऊन जा, आवडेल ते खायला घाला, भावंडांत राहू दे. मशीन मात्र पाहिजे बरोबर. आपलं मशीन नदीपलीकडच्या पोरीकडे होतं. मी त्याच्या आईला म्हटलं, येईल एक-दोन दिवसांत. आणि हे बोलले ते त्याच्यासमोर." वहिनीने कप खाली ठेवला. "त्याने दप्तर भरलं. बूट घातले. घरी जाताना बूट घालायला वेळ जायला नको म्हणून. खाटेच्या कडेला पाय वर घेऊन, गुडघ्यांना मिठी मारून बसायचा. झोपेपर्यंत बूट काढू देत नव्हता. सकाळी उठला की पुन्हा बूट."

ताईने मागच्या दाराकडे पाहिले. बादली तिथून दिसत होती.

"मशीन आलं तोवर ताप चढला होता. आता तो हलवण्यासारखा नाही. डॉक्टरांनी काल सांगितलं." वहिनीने कप बाजूला सरकवला. "बूट काढलेत त्याने. स्वतःच काढले. मला म्हणाला, खाली ठेव."

दादा हलक्या आवाजात म्हणाला, "कुणाची चूक म्हणून नाही गं, ताई. मासेही काही वाईट नव्हते."

"मी चूक म्हटलंच नाही," वहिनी म्हणाली. "आपण मतं दिली, आपण हरलो, ठीक आहे. मला इतकंच म्हणायचंय की हरायचं तर जिवंत माणसांकडून हरू दे. चिमटीशी मी वाद कसा घालू? तिला वॉर्डात नेऊन कॅप्टन दाखवू शकत नाही. तिला म्हणू शकत नाही की बाई गं, तू चुकतेस. ती कायम सात वर्षांची. तिला कायम मासेच पाहिजेत."

नियमाचा मुद्दा

"मत घ्यायचं तर घेऊ," ताई म्हणाली. "पण यात चिमटीलाही मत आहे."

"तिच्याच मताबद्दल तिला मत?" दादा म्हणाला. "बाबांचा नियम विसरलीस? ज्याचा विषय, त्याने बाहेर बसायचं. माझ्या मित्राच्या शाळेचा पंखा होता तेव्हा मला अंगणात बसवलं होतं. बसलो की नाही?"

"बसलास. आणि खिडकीतून खुणा करत होतास."

"ते वेगळं. पण बाहेर होतो."

"बरं, मग काय चिमटीला बाहेर पाठवू?"

"पाठव ना! नियम तो नियम."

"काय बोलता रे," आई शिवणातून मान वर न करता म्हणाली, "बाहेर ऊन किती आहे."

दादाने तोंड उघडले होते ते हळूच मिटले. आईने दोरा दातांनी तोडला आणि मग तिलाही आपण काय बोललो ते कळले असावे, कारण ती उगाचच डब्यातली बटणे चाळवत बसली.

"बसू दे तिला," वहिनीच म्हणाली शेवटी. "तिला मत आहे."

हात वर

दादाचा हात वर गेला, पण कोपरापर्यंतच. बाकीचा कुणी ओढून वर घ्यावा अशी वाट बघत राहिला. वहिनीचा पूर्ण वर गेला. मत बंद करावे म्हणणारे दोन.

"विरोधात," दादा म्हणाला.

आईने हात वर केला. यावेळी सुई खाली ठेवून. ताईने उजवा वर केला. दोन.

आता सगळे ताईच्या डाव्या हाताकडे बघायला लागले.

तो टेबलावर होता, करपलेल्या डागावर. पाण्यात राहून राहून बोटांची कातडी सुरकुतलेली, अंगठ्याला इस्त्रीचा जुना चटका. इतक्या वर्षांत हा हात वर करताना ताईला कधी विचार करावा लागला नव्हता. बादलीवर उभी राहिलेली, फ्रॉकभर चिमटे लावलेली पोर डोळ्यांपुढे यायची आणि हात वर जायचा. बाकाला लाल रंग? हो. कुत्र्याला प्लास्टर? हो हो. मासे? ते काय विचारायचे!

मासे.

नाही, पण चिमटीला मासे कुठे आवडायचे? ताई आठवून बघू लागली. शाळेच्या दारातल्या हौदाजवळून जाताना चिमटी तिचा हात घट्ट धरायची. ते डोळे मिटतच नाहीत, म्हणायची. मासे आवडायचे ते ताईला. हौदापाशी रेंगाळायची ती ताई. चिमटी हात ओढायची आणि म्हणायची, चल ना, घरी चल ना.

हॉस्पिटलातही तेच. ताई भेटायला गेली की पहिला प्रश्न, चप्पल आणलीस का माझी? घरी जायला चप्पल लागेल.

ताईने वहिनीकडे पाहिले. ड्यूटीवरून थेट आलेली, डोळ्यांखाली काळे, केस कसेबसे बांधलेले. चिमटी असती तर एवढीच असती. अशीच दमून आली असती कुठून तरी. असेच टेबलावर कोपर टेकून म्हणाली असती, ताई, तू चुकतेस. आणि ताईने ऐकलेही असते, थोडी कुरकुर करून.

उजवा हात वरच होता. ताईने तो खाली घेतला नाही.

"मत बंद करावं म्हणणाऱ्यांत," ती म्हणाली, "अजून एक धर."

आणि डावा हात वर केला.

निकाल

दादाला मोजायचे धाडस झाले नाही. पण मोजण्यासारखे फारसे नव्हतेच.

आई उठून आत गेली. आतून भांडी लावल्याचा आवाज आला, नंतर लावलेली भांडी पुन्हा काढल्याचा.

ताईने दोन्ही हात खाली घेतले. उजवा टेबलावर ठेवला. डावा कुठे ठेवावा हे तिला क्षणभर सुचेना. मग तिने तो मांडीवर ठेवला.

विषय शेवटचा: किरकोळ

"माझा एक विषय आहे," वहिनी म्हणाली. "आई, बाहेर या ना."

आई आली. वहिनीने खुर्चीखालची कापडी पिशवी वर घेतली. आतून एक मोठी चादर निघाली, विटलेली, कडेला ठिगळ लावलेली. एकेकाळी त्यावर फुले होती असे जवळून पाहिल्यावर कळत होते.

"कॅप्टनच्या घरची. चौघं भावंडं एकाच अंथरुणावर झोपतात, ही त्या अंथरुणाची. त्याला ही हवीय. निळी नको म्हणतो. निळी छान आहे, पण घरच्यासारखी नाही म्हणतो." वहिनीने पिशवीत हात घालून साबणाची अर्धी वडी काढली. "न धुता वॉर्डात नेता येत नाही. पण आपल्या पावडरने धुतली तर आपला वास लागेल. म्हणून त्याच्या आईने साबण दिलाय, घरचा. मशीनमध्ये नाही घालायची. खळ नाही. इस्त्री नाही."

"इस्त्री नाही?" दादा म्हणाला. "आपल्याकडून बिनइस्त्रीची चादर जाणार? लोक म्हणतील, दिवाळं निघालं."

"मोठ्यात धरायचं की किरकोळात?" आईने विचारले.

वहिनीने विचार केला. "किरकोळात," ती म्हणाली.

हात वर गेले. प्रत्येकाचा एक.

दुसऱ्या दिवशी सकाळी

चादर ताईने आदल्या रात्रीच हाताने धुतली. तिच्याशी एक शब्दही बोलली नाही. निळी शेजारच्या बादलीत होती. ती तिने ब्रश न मारता नुसती खळबळली आणि ठशांसकट दोरीवर टाकली.

फुलांची चादर वाळली तेव्हा दुकान उघडायला अवकाश होता. ताईने ती दोरीवरून काढून एकटीनेच घडी घालायला घेतली. इतक्या वर्षांत ती एकटीने घड्या घालायला शिकली होती: एक टोक हनुवटीखाली, एक दातात, बाकीचे खांद्यावर. पण ही फार मोठी होती. चार भावंडांची. हनुवटीखालून सुटली आणि जमिनीला टेकायला आली.

वहिनी वॉर्डात जायच्या कपड्यांत मागच्या दारात उभी होती. चादर न्यायला आली होती. तिने पिशवी खुंटीला अडकवली, अंगणात आली आणि समोरची दोन टोके उचलली.

"ताणून धर," ताई म्हणाली. "ओढू नकोस. ताणून."

"धरलीय."

"अगं, मध्ये झोळ आलाय. वर घे. अजून वर."

वहिनीने हात वर घेतले, डोक्याच्याही वर. ताईनेही घेतले, दोन्ही. मध्ये विटलेल्या फुलांची चादर होती, साबणाच्या वासाची, कुणाच्या तरी घराची. वाऱ्याने ती एकदा फुगली आणि बसली. मग दोघी टोके जुळवत एकमेकींकडे चालत आल्या.